सुट्टीतली खिचडी: शाळेत शिजवायची की घरी पोचवायची?

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका तरुण सरपंचांचा आहे. त्यांच्या ग्रामसभेत ठराव आला की उन्हाळी सुट्टीतही शाळेतला पोषण आहार चालू ठेवावा, आणि सभा दोन गटांत फुटली. एक गट म्हणाला, लेकरांना जेवू घालणं आई-बापाचं काम, शिवाय रेशन फुकट मिळतंय. दुसरा गट म्हणाला, इंग्लंडमध्ये सरकार सुट्टीत जेवण देतं, मग इथे काय अडतंय? सरपंचांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: कायदा काय सांगतो, खर्च किती येतो, आणि केंद्रप्रमुख म्हणून वर्षानुवर्षं शाळांचे पोषण आहाराचे रजिस्टर तपासलेला माणूस म्हणून मी त्यांच्या जागी काय केलं असतं.

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. सुट्टीत खायला द्यायलाच हवं. मात्र मे महिन्यात शाळा उघडून खिचडी शिजवायच्या भानगडीत पडू नका. १ मेला निकाल घ्यायला आलेल्या आईच्या हातात कोरडा शिधा द्या. शिजवून वाढायची खरी गरज आपल्या भागात दिवाळीच्या सुट्टीत असते, आणि तिच्याबद्दल तुमच्या ठरावात एक ओळही नाही.

आता कायदा. २०१३चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेत रोज एक वेळचं मोफत जेवण हक्काने देतो, पण त्याच वाक्यात ‘शाळेच्या सुट्टीचे दिवस वगळून’ असंही म्हणतो. म्हणजे सुट्टीत जेवण मागणाऱ्याच्या हातात हा कायदा नाही. हातात काही असेल तर ते सर्वोच्च न्यायालयाचे आदेश. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या अन्नहक्क खटल्यात न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ला शाळांमधून शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, आणि २० एप्रिल २००४ला त्यात भर घातली की दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही हे जेवण मिळालं पाहिजे. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या २०१६ साली, स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर, न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं. तारीख बघा: १३ मे. तोवर आपल्याकडच्या शाळा बंद होऊन दहा-बारा दिवस उलटले होते. मुख्याध्यापक गावी, स्वयंपाकवाल्या बाया शेतात नाहीतर लग्नाला, तांदळाची मागणी नोंदवलेली नाही, गॅसची टाकी रिकामी. आदेश दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून पुण्याला, पुण्याहून जिल्हा परिषदेत आणि तिथून शाळेत पोचेपर्यंत रोहिण्या निघतात.

यातली दुसरी अडचण ‘दुष्काळग्रस्त’ या शिक्क्याची. तो तालुक्यावर बसतो, लेकराच्या पोटावर नाही. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बीडमधले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई त्या यादीत होते, धारूर-अंबाजोगाईला खेटून असलेला केज नव्हता. पुढे अनेक महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली. ‘दुष्काळ’ आणि ‘दुष्काळसदृश’ यांतला फरक तहसीलात कळतो, चुलीपाशी कळत नाही. आणि सप्टेंबर २०२५मध्ये सिंदफणा, मांजरा, सीना या नद्यांनी शेतं खरवडून नेली तेव्हा काय? नियमावलीत ‘ओला दुष्काळ’ असा प्रकारच नाही, सवलती द्यायच्या तर वेगळा आदेश काढावा लागतो. सोयाबीन उन्हाने जळलं काय आणि पाण्यात कुजलं काय, पुढच्या मे महिन्यात घरात दाणा नसतोच. म्हणून मी सुट्टीतल्या आहाराला दुष्काळाच्या दाव्याला बांधायच्या विरोधात आहे. ज्या गावांतून दरवर्षी माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, त्या गावांना हा आहार दरवर्षी मिळावा, पाऊस कसाही पडो.

इंग्लंडचा दाखला तुमच्या सभेत अर्धवट सांगितला गेला. तिथेही हे सरळ झालं नाही. जून २०२०मध्ये मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने खासदारांना खुलं पत्र लिहिलं. तो स्वतः शाळेच्या मोफत जेवणावर वाढलेला. आधी नाही म्हणणारं सरकार दुसऱ्याच दिवशी झुकलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मुलामागे आठवड्याला १५ पौंडांची कुपनं मिळाली. लाभार्थी मुलं साधारण १३ लाख. ऑक्टोबरमध्ये पुढच्या सुट्ट्यांचा विषय निघाला तेव्हा त्याच संसदेने ३२२ विरुद्ध २६१ मतांनी तो फेटाळला. सत्ताधारी बाजूच्या एका खासदाराने तर मुलांचं राष्ट्रीयीकरण करण्यावर आपला विश्वास नाही असं सांगितलं. मग गावोगावच्या खानावळी आणि नगरपालिका आपण होऊन डबे द्यायला लागल्या, आणि नोव्हेंबरात सरकारला पुन्हा पैसे काढावे लागले. २०२१पासून तिथे ईस्टर, उन्हाळा आणि नाताळच्या सुट्ट्यांत जेवण आणि खेळ अशी एकत्र योजना चालते.

तुमच्या सभेत जे कुणी म्हणालं की बापाला दारूला पैसे आहेत आणि लेकराला खिचडी सरकारने द्यायची का, ते तिथल्या संसदेतही जरा सभ्य शब्दांत बोललं गेलं होतं. या आक्षेपाला माझं उत्तर एवढंच: बाप दारू पितो हे खरं असेल, तर लेकराला खायला देण्याचं ते आणखी एक कारण झालं. शिक्षा बापाला करायची तर ती लेकराच्या ताटातून कशाला?

‘रेशन फुकट मिळतंय’ हा आक्षेप मात्र गंभीर आहे, तो झटकू नका. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३पासून तेही मोफत. लहान गोष्ट नाही ही. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी आणि मिलो या मदतीच्या अन्नावर दिवस काढलेली आमची पिढी तिची किंमत जाणते. पण रेशनच्या पिशवीत असतं काय? गहू आणि तांदूळ. डाळ नाही, तेल नाही, अंडं तर नाहीच. शाळेच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं असा दंडक आहे. सुट्टीत जी गोष्ट बुडते ती मुख्यतः डाळ आणि भाजी. भात किंवा भाकरी बहुतेक घरांत या ना त्या मार्गाने निघते, तिच्यासोबत काय, हा प्रश्न असतो. मे महिन्यात भाजी महाग, हातपंप कोरडा, मग चटणी किंवा ठेचा. शिवाय कार्डावर नाव नसलेली लेकरं प्रत्येक गावात आहेत: धाकटं जन्मल्यावर नाव चढवायचं राहिलं, माय माहेरी आली आणि कार्ड सासरी राहिलं. आणि मराठवाड्यातले आठही जिल्हे त्या १४ जिल्ह्यांत येतात जिथल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्याऐवजी २०२३पासून खात्यात रोख रक्कम देणं सुरू झालं, सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये. ती येते कधी आणि जाते कुठे, हे घरातल्या बाईला विचारा.

मग एवढं सगळं असताना मी मे महिन्यात शाळेत शिजवायला नको का म्हणतो? कारण लेकरं येत नाहीत. दुष्काळी उन्हाळ्यांत माझ्या केंद्रातल्या शाळांनी हे करून पाहिलं. पहिले चार दिवस बरी हजेरी, मग पाचातलं एखादं. निम्मी मामाच्या गावाला गेलेली, काही आईसोबत रोजगार हमीच्या कामावर, काही शेळ्यांमागे. बेचाळीस अंशांच्या उन्हात तांड्यावरून किंवा वस्तीवरून दोन किलोमीटर अनवाणी येऊन खिचडी खायची आणि परत जायचं, हे आठ वर्षांच्या पोराकडून धरणंच चूक. शिक्षकांची सुट्टी मोडली म्हणून ते नाराज, मग दोघांत आळीपाळीने एक जण कुलूप उघडायला. जिथे प्यायलाच टँकर, तिथे डाळ-तांदूळ धुवायला आणि भांडी घासायला पाणी कुठून आणायचं? आणि सर्वांत वाईट म्हणजे कमी हजेरीचा आकडा वर गेला की वरून अर्थ निघतो: ‘मागणी नाही, म्हणजे भूक नाही.’ पुढच्या वर्षीचा दरवाजा त्यामुळे बंद होतो. अमेरिकेतही उन्हाळ्यात जेवण मिळण्याच्या केंद्रांपर्यंत सगळी मुलं पोचत नाहीत, हे त्यांना कळलं. म्हणून २०२४पासून तिथे गरीब मुलामागे उन्हाळ्याभरासाठी १२० डॉलर थेट कार्डावर देणं सुरू झालं. पद्धत बदलली, गरज कुणी नाकारली नाही.

कोरड्या शिध्याचा अनुभव आपल्याला आहे. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा तांदूळ आणि कडधान्यं पालकांना बोलावून वाटली. २०२०च्या उन्हाळी सुट्टीसाठीही केंद्राने आहाराला खास मंजुरी दिली होती, म्हणजे ‘सुट्टीत देता येत नाही’ हे नियमाचं बंधन ठरवलं तर बाजूला सारता येतं. त्या वाटपात काय बिघडलं तेही सांगतो. दोन-तीन महिन्यांचा माल एकदम आला, तोही उशिरा. घरात भाकरी खाणाऱ्या माणसांपुढे तांदळाचा ढीग पडला. शिधा घरात गेला की तो सगळ्यांचा होतो. चार किलो तांदूळ सहा माणसांच्या घरात चार दिवस पुरतो, त्यात त्या लेकराच्या वाट्याला किती आला हे कुणी मोजत नाही. तरी मला हे चालतं, कारण दुसरा पर्याय शून्याचा आहे. शिधा लेकराच्या तोंडी अधिक जावा असं वाटत असेल तर त्यात तांदूळ कमी आणि जे मूल येता-जाता मुठीने खातं ते जास्त ठेवा: शेंगदाणे, फुटाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू. चुलीवर चढल्याशिवाय खाता येणारी वस्तू मोठ्यांच्या ताटात कमी जाते.

अंड्याबद्दल विचाराल म्हणून सांगतो. २०१६च्या त्याच निकालात दुष्काळी भागातल्या मुलांना आठवड्यातून किमान तीन दिवस अंडं, दूध किंवा तसाच पौष्टिक पदार्थ द्यायला सांगितलं होतं. राज्याने नोव्हेंबर २०२३मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी थांबवला. शाळा चालू असतानाच ही गत, तेव्हा सुट्टीतल्या अंड्यासाठी ग्रामपंचायतीलाच खिशात हात घालावा लागेल.

खर्च. मे २०२५पासूनचा दर पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला ६.७८ रुपये आणि सहावी ते आठवीला १०.१७ रुपये. यात डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं आलं. तांदूळ वेगळा, केंद्राकडून, अनुक्रमे १०० आणि १५० ग्रॅम. रविवार सोडून उन्हाळी सुट्टी सुमारे ४० दिवसांची धरा. म्हणजे लहान मुलामागे २७१ रुपये आणि ४ किलो तांदूळ, मोठ्यामागे ४०७ रुपये आणि ६ किलो. शंभर पटाच्या शाळेत ६० लहान आणि ४० मोठी असतील तर सगळा उन्हाळा ३२,५४४ रुपयांत आणि ४८० किलो तांदळात निघतो. गावच्या जत्रेत एका रात्रीच्या ऑर्केस्ट्राला याहून जास्त पैसे जातात, हे तुमच्या सभेत मुद्दाम बोला. अर्थात ३२ हजारांत पोषण होतं असं मी म्हणत नाही. पावणेसात रुपयांत ज्याने डाळ, भाजी, तेल आणि गॅस बसवून दाखवला त्याला मी अजून भेटलेलो नाही. शाळा बसवते ते गावाच्या शेंगदाण्यांवर आणि बायांच्या काटकसरीवर.

आता दिवाळी. आपल्या भागातली गोष्ट इथेच वेगळी होते. ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यापासून निघायला लागतात. दिवाळी आटोपली की गाव रिकामं होतं, काही घरांत दिवाळीही थळावरच्या, म्हणजे तोडीच्या मुक्कामावरच्या, कोपीत (झोपडीत) होते. ज्यांची लेकरं सोबत जातात त्यांचा प्रश्न कारखान्याच्या गावचा. जी मागे राहतात ती आजीजवळ किंवा आजारी आजोबाजवळ राहतात, किंवा नववीतली थोरली बहीण धाकट्यांना सांभाळत घर चालवते. तिला स्वतःला शाळेचा आहार नाही, कारण योजना आठवीला संपते. शाळेला नेमकी तेव्हाच दोन-तीन आठवड्यांची सुट्टी असते. आई-बाप नुकतेच गेलेले, मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) कर्जात आणि लग्नात आधीच जिरलेली, घरात पीठ असलं तरी करून घालणारं माणूस नाही. उन्हाळ्यात निदान टोळ्या परत आलेल्या असतात, आई चुलीपाशी असते, म्हणून शिधा दिला तर तो शिजतो. दिवाळीत शिधा देऊन काय करणार? सत्तरीच्या आजीला दिसत नाही, सरपण आणवत नाही. तिथे शिजवलेलंच ताट लागतं, आणि लेकरं गावातच असल्यामुळे ती येतातही. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी खिचडीचं पातेलं किती लवकर तळाला जातं, हे कुठल्याही शाळेतल्या बाईला विचारा.

यासाठी नवी योजना लागत नाही. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. गावातच राहणाऱ्या मुलांना शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं. अडचण वेळेची. सर्वेक्षण, प्रस्ताव, मंजुरी करता करता टोळ्या जाऊन कित्येक आठवडे झालेले असतात, आणि मधली दिवाळीची सुट्टी कुणाच्याच खात्यात पडत नाही. तुमच्या गावातून कोण जाणार हे तुम्हाला पोळ्यालाच ठाऊक असतं. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्यांची नावं गावात कुणापासून लपत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीने ती यादी सप्टेंबरात करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि वसतिगृह दिवाळीच्या सुट्टीआधी, टोळ्या निघतात त्याच आठवड्यात सुरू व्हावं अशी लेखी मागणी करावी. मंजुरी उशिरा आली तर मधले वीस दिवस गावाने सांभाळायचे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचेच असतात. रक्कम लहान असेल, पण चाळीस लेकरांच्या डाळ-तेलाला हातभार लागतो. उरलेल्याला ‘तिथी भोजना’ची, म्हणजे गावकऱ्यांनी शाळेतल्या लेकरांना जेवू घालण्याची, सोय वापरा: वाढदिवस, पुण्यतिथी, नवं ट्रॅक्टर, कारण काहीही चालतं. फक्त ते दिवाळीच्या सुट्टीत करायला सांगा. भाद्रपदात सगळेच जेवू घालतात.

एक सावधगिरी. शाळेत शिल्लक पडलेला तांदूळ ग्रामसभेच्या ठरावावर सुट्टीत वापरू नका. साठा रजिस्टर आणि ॲपवरची नोंद जुळली नाही की जबाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो, आणि एकदा तो अडकला की पुढची दहा वर्षं कुठलाच मुख्याध्यापक तुमचं ऐकणार नाही. सुट्टीचे दिवस वार्षिक मंजुरीत धरलेले नसतात, त्यामुळे त्यांचा तांदूळ लेखी परवानगीनेच मिळेल.

बायांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, कुणीच विचारत नाही. स्वयंपाकी-मदतनीस बाईला महिन्याला २,५०० रुपये आणि तेही वर्षातले दहाच महिने. सुट्टीत शिजवायचं म्हटलं तर ती फुकट शिजवेल असं सगळे गृहीत धरतात, कारण ती गावचीच, बहुधा विधवा किंवा परित्यक्ता, नाही म्हणायची तिची टाप नाही. तिच्या स्वतःच्या लेकरालाही सुट्टीत तीच अडचण असते. तेव्हा दिवाळीतल्या दिवसांची तिची मजुरी ठरावात आकड्यासकट लिहा, आणि ती शेतमजुरीच्या चालू दरापेक्षा कमी नको.

ठराव दोन करा. पहिला: पहिली ते आठवीच्या सर्व मुलांना उन्हाळी सुट्टीचा शिधा १ मेला, निकालासोबत मिळावा, तालुका दुष्काळी जाहीर झालेला असो वा नसो. तो मार्चच्या आत पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेला आणि प्रत पुण्याला प्राथमिक शिक्षण संचालकांना. मान्य होईल याची खात्री नाही, पण वीस गावांचे असे ठराव मार्चमध्येच टेबलावर असले तर मे महिन्यात आदेशाची वाट बघत बसावं लागणार नाही. दुसरा ठराव हंगामी वसतिगृहाचा आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या जेवणाचा, त्याला टोळीत जाणाऱ्या जोड्यांची आणि मागे राहणाऱ्या लेकरांची यादी जोडून. त्या यादीत नववी-दहावीच्या पोरींची नावंही घाला. नियमात त्या बसत नाहीत, त्यांचा खर्च गावाने करायचा.